चारशे खेळांची डबी

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले चार दिवस मुले आईबापांच्या वाट्याला जात नाहीत. किल्ल्याची माती असते, फटाके असतात, चकलीच्या डब्यात हात घालण्याचा उद्योग असतो. भाऊबीज उलटली की मात्र घराघरांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागते : “आई, तुझा मोबाईल दे ना!” पुण्या-मुंबईला ऐकू येते तसेच ते नंदुरबारला, शहाद्याला आणि तळोद्यालाही ऐकू येते. मोबाईल दिला तर मुलगा दोन तास हाताला लागत नाही, आणि न दिला तर दोन तास पाठ सोडत नाही. या पेचात सापडलेल्या गृहस्थांपुढे अलीकडे एक तिसरी वाट येऊन उभी राहिली आहे.

ती म्हणजे तळहातावर मावणारी खेळांची डबी. मधोमध तीन इंचांचा रंगीत पडदा, डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराची एक कळ, उजवीकडे दोन-चार गोल बटणे, आणि पोटात चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ. मारिओ, पॅकमॅन, काँट्रा, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढेमागे आहे त्यांना ही नावे ऐकूनच शाळा सुटल्याची घंटा ऐकल्यासारखे होते. डबीला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. तिच्यावर कोणाचा फोन येत नाही आणि मध्येच जाहिरातही येत नाही.

आता ही डबी घरात आणावी की न आणावी? या प्रश्नावर गेले वर्षभर मी ज्याला त्याला छेडत आलो आहे. माणसे राजकारणावर बोलतात त्याहून अधिक पोटतिडकीने या विषयावर बोलतात, असा माझा अनुभव आहे. कारण उघड आहे. प्रश्न डबीचा नाही; मुलांच्या संध्याकाळचा आहे.

माझी बहीण नंदुरबारला असते. तिच्या घरी डबी आली ती सारंगखेड्याच्या यात्रेतून. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा हे एकमुखी दत्ताचे स्थान. दत्तजयंतीला तेथे जी यात्रा भरते ती घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरपर्यंत नावाजलेली आहे. उमदी जनावरे, त्यांचे दात तपासणारे फेटेवाले, रुमालाखाली बोटे धरून चाललेले सौदे, हे सगळे पाहून झाल्यावर मेहुण्यांबरोबर आम्ही सर्व जण खेळण्यांच्या पालांकडे वळलो. तेथे पिपाण्या, फुगे आणि प्लास्टिकचे घोडे यांच्या शेजारी या डब्यांची चळत मांडलेली. विक्रेता खास आपल्या अहिराणीत ओरडत होता, “भाऊ, चारशे खेय शेतस यामा. मोजी ल्या!”

साडेपाचशे म्हणता म्हणता साडेतीनशेवर पटले, आणि मेहुण्यांनी ती घेतली.

माझा अकरा वर्षांचा भाचा शब्दाचा पक्का. विक्रेत्याने “मोजून घ्या” म्हटले म्हणजे मोजायचे, असे म्हणून त्याने वही-पेन्सिल घेऊन दोन संध्याकाळी मोजणी केली. यादीत चारशे नावे होती, हे खरे. पण एक खेळ पाहावा तर तोच पुढे वेगळ्या नावाने भेटे. एका ठिकाणी मारिओच्या जागी अस्वल उड्या मारी आणि बाकी विटा, नळ, ढग सगळे तेच. काही खेळ उघडत आणि लगेच बंद पडत. काहींची नावे चिनी वळणाच्या इंग्रजीत, त्यांचा अर्थ लागेना. शेवटी भाच्याने वहीच्या पानावर रेघ मारली आणि खाली लिहिले : “चांगले – ९.”

मला तो आकडा कमी वाटला नाही. घरात नऊ चांगली पुस्तके असली तरी आपण त्या घराला वाचनाची आवड आहे असे म्हणतो!

या डबीचा वंश थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. जपानमधल्या क्योतो शहरात १८८९ साली निंतेंदो नावाची पेढी निघाली ती पत्ते बनवण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले ४८ पत्ते, वर्षाच्या बारा महिन्यांचे चार-चार, त्यांना हानाफुदा म्हणतात. जपानला पत्त्यांची ओळख करून दिली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात तो शब्दही पोर्तुगीजच. त्याच पोर्तुगीजांच्या गोव्याला खेटून असलेल्या आपल्या सावंतवाडीत गंजिफा रंगवल्या जातात, दशावतारी गंजिफेचा जोड १२० पानांचा. मात्र गंजिफेचे घराणे निराळे. ती इराणकडून मुघलांच्या हातून आली. असो. क्योतोच्या पत्तेवाल्यांनी पुढे जगातल्या मुलांचे तळहात व्यापले, आणि आमची गंजिफा काचेच्या कपाटात बसली, एवढे या निमित्ताने मनात आल्यावाचून राहत नाही.

या निंतेंदो पेढीत गुन्पेई योकोई नावाचा तरुण १९६५ साली लागला तो पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. पुढे त्याने खेळणी करायला घेतली. एकदा आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी आपल्या हिशेबाच्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला त्याने पाहिला, आणि त्याच्या मनात आले की वेळ घालवायला खिशात मावेल असे एखादे यंत्र का असू नये? १९८० साली त्यातून ‘गेम अँड वॉच’ निघाले. नावाप्रमाणेच त्यात एक घड्याळ आणि एकच खेळ. आज डबीच्या डावीकडे जी अधिक चिन्हाची कळ असते तीही त्याचीच कल्पना. १९८२ साली ती प्रथम आली आणि अजून कोणाला तिच्याहून सोयीचे काही सुचलेले दिसत नाही.

योकोईचे एक सूत्र होते. नव्यात नवे, महागात महाग तंत्र घ्यायचे नाही. जुने झालेले, स्वस्त झालेले, खोडी माहीत असलेले तंत्र घ्यायचे आणि ते नव्या कामाला जुंपायचे. आपल्याकडच्या कोणत्याही जाणत्या गृहिणीला हे सूत्र समजावून सांगावे लागणार नाही. शिळ्या पोळीचा लाडू ती याच न्यायाने करते. १९८९ च्या एप्रिलमध्ये निघालेला ‘गेम बॉय’ हा याच सूत्राचा सर्वांत मोठा विजय. पडदा हिरवट करडा, छटा अवघ्या चार, आणि पडद्याला स्वतःचा उजेडसुद्धा नाही. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत होती. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या वर चाले. बापाच्या खिशाला कोणते परवडले असेल ते सांगायला नको. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले. १९९१ च्या आखाती युद्धात होरपळून त्याचे प्लास्टिक वितळलेला एक गेम बॉय न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षे काचेत ठेवलेला होता. तो चालू होता, आणि त्यावर टेट्रिस दिसत असे.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्यांनी पाहिला. आपल्याकडे आला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. जपानात १९८३ साली निंतेंदोनेच काढलेल्या यंत्राच्या त्या नकला. १९९० नंतरच्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी ते घरोघर पोचले. खेळांच्या त्या जाड प्लास्टिकच्या चौकटीला सगळे जण ‘कॅसेट’ म्हणत, आणि ती चालेनाशी झाली की काढून तिच्यात फुंकर मारत. माझे मेहुणे सांगतात की त्या काळी नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होते (वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी), आणि त्यांच्या गल्लीत एकाच घरी हा खेळ होता. त्या घरच्या मुलाला तेव्हा जो मान होता तो आज आमदारालाही नाही! दिवाळीत दुकानदार यंत्र एका रात्रीपुरते भाड्याने देई. चार मित्र वर्गणी काढत, कोणाची तरी बैठकीची खोली मिळवत, आणि पहाटेपर्यंत काँट्रा चाले. तीस जीव मिळवण्याची बटणांची ती गुप्त ओळ मेहुण्यांना आजही पाठ आहे : वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे. लग्नाचा वाढदिवस मात्र बहिणीला आठवण करून द्यावा लागतो.

ज्यांना टीव्ही गेम परवडत नसे त्यांच्यासाठी ‘ब्रिक गेम’ होता. काळे ठोकळे, करडा पडदा, आणि वर छापलेले ‘९९९९ इन १’. त्या ९९९९ मध्येही खरे खेळ बोटांवर मोजण्याइतकेच. बाकी वेग आणि पायऱ्या बदलून आकडा फुगवलेला. म्हणजे सारंगखेड्याच्या विक्रेत्याने काही नवे पाप केलेले नाही. परंपरा जुनीच आहे.

हे झाले पूर्वेतिहासाचे. आता आजची मते.

पुण्याला माझा एक चुलतभाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे साडेतीनशे रुपयांची नव्हे, त्याच्या कित्येक पट किंमतीची डबी आहे. अशा डब्या चीनमधून येतात. मियू, अ‍ॅनबर्निक ही त्यातली जाणत्यांच्या तोंडची नावे. स्वस्त डबीत आणि या डबीत फरक काय, असे विचारल्यावर त्याने जे सांगितले ते मला फार आवडले. स्वस्त डबीत जुने यंत्रच आक्रसून एका चिपेत कोंबलेले असते; ते फक्त स्वतःचे खेळ खेळते. महागड्या डबीत एक छोटासा पूर्ण संगणक असतो, आणि तो बहुरूप्यासारखा सोंगे घेतो. आता गेम बॉयचे सोंग, आता टीव्ही गेमचे, आता पार्लरमधल्या नाणे टाकायच्या यंत्राचे. जुन्या खेळाला वाटते आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो निमूट चालू लागतो. खेळ वाटेल तेथे थांबवून, तो क्षण जपून ठेवून, उद्या तेथूनच पुढे खेळता येतो.

“मग सध्या काय खेळतोस?” मी विचारले.

“दादा, खरं सांगू? खेळत काहीच नाही. याद्या लावतो.”

त्याच्या डबीत हजारो खेळ आहेत. एक उघडतो, दोन मिनिटे पाहतो, कठीण गेला की दुसरा. क्षण जपून ठेवता येत असल्यामुळे मरणाची भीती नाही, आणि मरणाची भीती नसल्यामुळे खेळात जीव नाही. लहानपणी एकाच कॅसेटवर त्याने अख्खी मे महिन्याची सुट्टी काढली होती, आणि शेवटच्या राक्षसापर्यंत पोचला त्या दिवशी जेवला नव्हता. आज हजारो खेळ खिशात आहेत आणि तो रात्री जेवणानंतर त्यांची नावे वर्णानुक्रमे लावतो. तो हे हसत सांगत होता. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसले नाही.

नेमके उलटे मत मिळाले ते अक्राणी भागातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकांकडून. सातपुड्यातल्या पुष्कळ पाड्यांवर अजूनही मोबाईलची रेंज धरायला टेकडी चढावी लागते. तेथल्या एका मुलाने यात्रेतून अशीच डबी आणली आणि गुरुजींनी प्रथम ती कपाटात टाकली. मग एका रविवारी दिली. त्यांचे म्हणणे असे की दहा मिनिटांत मुलांनी स्वतःच कायदा केला : ‘मेला की दे.’ एक जीव गेला की डबी पुढच्याच्या हातात. खेळणारा एक, पण पाहणारे बारा. आणि पाहणाऱ्या बारा जणांना खेळणाऱ्यापेक्षा जास्त कळते! ओरडा, सल्ले, शिव्या, टाळ्या सगळे चालू. “मी मोबाईलवर असे कधी पाहिले नाही,” गुरुजी म्हणाले. “मोबाईल घेतला की मूल कोपरा शोधते.”

या एका वाक्यात मला डबीच्या बाजूचा सगळा युक्तिवाद सापडला, आणि मी तो पुष्कळ ठिकाणी ताडून पाहिला. जुने खेळ असे का आहेत, याला कारण आहे. १९८५ च्या मूळ मारिओचा संपूर्ण खेळ, आठही मुलुख, त्यातले संगीत, ढग, कासवे, सगळे मिळून ४० किलोबाइटमध्ये बसते. तुमच्या फोनवर सकाळी येणारे फुलांचे ‘शुभ सकाळ’ चित्र बहुधा याहून मोठे असते. इतक्या थोड्या जागेत खेळ लांब कसा करायचा? तर कठीण करून. म्हणून ते खेळ मारतात, पुन्हा आरंभाला नेतात, आणि म्हणूनच पाळी लवकर बदलते. आणि त्यांना शेवट असतो. कॅसेट एकदा विकली की कारखानदाराचे काम झाले; तुम्ही रात्री नऊ वाजता खेळ बंद केलात तर त्याचे काही नुकसान नव्हते.

मोबाईलवरच्या फुकट खेळाचे तसे नाही. तो फुकट असतो म्हणूनच त्याला संपून चालत नाही. तुम्ही जितका वेळ पाहाल तितक्या जाहिराती, जितके अडाल तितकी विकत घ्यायची रत्ने आणि तलवारी. पुढचा टप्पा तर पैशाच्या जुगाराचा. त्याने किती घरे पोखरली हे वेगळे सांगायला नको. शेवटी संसदेला २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. मुलाच्या हातात मोबाईल देताना आपण त्याला खेळ देतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा आपण त्याला दुकान देत असतो.

बहिणीच्या सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांचे मत न घेता हा लेख पुरा झाला नसता. आरंभी त्या म्हणाल्या, “डब्बाच तो. मोठा काय अन् धाकला काय, पोरगं मान खाली घालूनच बसणार ना?” हा आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जे सांगितले त्यात दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, आणि कमी असेल तितके बरे, असे आहे. त्यात डबीला सूट दिलेली नाही. तीन इंचांचा पडदा मूल नाकाशी धरते, हेही खरे. माईंनी मग आठ वर्षांच्या नातीकडून टेट्रिस शिकून घेतला. पाच-सात डाव झाल्यावर म्हणाल्या, “हे तर मांडणीवर डबे लावणं आहे. फट ठेवायची नाही.” तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या दोन डाव खेळतात, आणि मुले त्यांच्या खांद्यावरून पाहतात. सध्या घरातला सर्वांत मोठा आकडा त्यांचा आहे. भाच्याला ते फार लागले आहे.

टेट्रिसचे नाव निघाले म्हणून सांगतो. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह याने तो १९८४ साली केला. त्याच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्याने ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले. चार-चार चौकोनांचे सात आकार, एवढेच भांडवल. गेम बॉयबरोबर अमेरिकेत तोच खेळ दिला गेला आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तो घेतला. १९८९ चा टीव्हीवरचा टेट्रिस कोणाही माणसाला शेवटपर्यंत नेता येणार नाही, असा तीस-चौतीस वर्षे समज होता. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने खेळत खेळत यंत्रच थिजवून दाखवले. खेळ त्याच्या वयाच्या अडीच पट जुना होता!

पण या खेळाने जगात पैशाच्या राशी पडत होत्या तेव्हा पाजित्नोव्हला त्यातला वाटा मिळत नव्हता. हक्क सरकारी संस्थेकडे. ते त्याच्याकडे आले १९९६ साली, म्हणजे बारा वर्षांनी. हे लक्षात ठेवून आता डबीच्या काळ्या बाजूकडे वळतो. कारण तिच्याबद्दल विक्रेता बोलत नाही आणि घेणाराही सहसा बोलत नाही.

सारंगखेड्याच्या डबीतले चारशे खेळ कोणाचे? ज्यांनी केले त्यांना साडेतीनशेतला एक पैसाही पोचलेला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा कार्यक्रम हा ग्रंथासारखाच धरलेला आहे, आणि साठ वर्षांची मुदत मोजली तरी १९८५ चा मारिओ निदान २०४५ पर्यंत मोकळा होत नाही. तेव्हा सरळ शब्दांत सांगायचे तर हा चोरीचा माल आहे. इटलीत तूरिनच्या पोलिसांनी २०२४ मध्ये अशा सुमारे १२,००० डब्या आणि यंत्रे जप्त केली. त्यांत मिळून पावणेपाच कोटींच्या आसपास खेळांच्या प्रती निघाल्या. विजेच्या आणि बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियमही त्या मालाने पाळलेले नव्हते, आणि गृहस्थाने दचकावे ते याने.

दुसरी बाजूही आहे, आणि ती निव्वळ सबब नाही. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी तेथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. मालक विकत नाहीत, आणि दुसऱ्याने जपलेले चालत नाही. आपल्याकडे मूकपटांचे काय झाले ते आठवा. तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि मूठभर उरले. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्याला सबंध पाहायला मिळत नाही. ज्यांनी हौसेने जुन्या कॅसेटी गोळा केल्या, त्यांच्या नकला उतरवून ठेवल्या, त्यांना चोर म्हणताना माझी जीभ अडते. यात्रेतल्या घाऊक व्यापाऱ्याला म्हणताना अडत नाही. जपणारा आणि विकणारा हे दोघे एक नव्हेत.

स्वच्छ हाताने हे खेळ मिळवण्याच्या वाटा थोड्या आहेत, पण आहेत. निंतेंदोने २०१६ साली आपलेच जुने यंत्र लहान करून ३० निवडक खेळांसह काढले होते. ब्लेझ या ब्रिटिश कंपनीची ‘एव्हरकेड’ नावाची हातातली डबी २०२० पासून आहे. तिला कॅसेटीच लागतात, आणि प्रत्येक कॅसेटीतले मोजके खेळ मालकांची परवानगी घेऊन भरलेले असतात. कोनामीने काँट्राचा जुना संच २०१९ मध्ये नव्या यंत्रांसाठी रीतसर विकायला काढला. शिवाय आज कित्येक हौशी मंडळी गेम बॉयसाठी अगदी नवे खेळ लिहितात आणि फुकट वाटतात. माझ्या पुण्याच्या भावाच्या बहुरूपी डबीत ते उत्तम चालतात. खर्च आणि खटपट दोन्ही आहे. यात्रेत हे काही मिळत नाही. पण तीस खेळांसाठी पैसे मोजणाऱ्याच्या घरी ते तीस खेळ खेळले जातात, असे मी पाहिले आहे.

माझ्या बहिणीने घरी आलेल्या डबीचा बंदोबस्त आपल्या पद्धतीने केला. भाच्याच्या नऊ खेळांतून मुलांकडून चार निवडून घेतले आणि ती नावे लिहिलेली चिठ्ठी डबीच्या पाठीवर चिकटवली. महिना संपेपर्यंत तेच चार. पुढच्या महिन्यात एक बदलायचा. डबी बैठकीच्या खोलीतच खेळायची, आडवे पडून नाही. रणगाड्यांचा खेळ चिठ्ठीवर कायमचा, कारण तो दोघांनी मिळून, शत्रूपासून आपले ठाणे राखत खेळायचा आहे, आणि त्यात बहीण-भावाला भांडण परवडत नाही. आश्रमशाळेचा ‘मेला की दे’ हा कायदा मी नंदुरबारला पोचवला. तो माईंनाही लागू आहे.

तुमच्या घरी अशी डबी येऊ घातली असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. या स्वस्त डब्यांत बहुधा पूर्वीच्या साध्या नोकिया फोनमध्ये बसे तशी चपटी, काढता येणारी बॅटरी असते. ती दुकानातच काढून पाहावी. फुगीर असेल तर डबी परत द्यावी. चार्जिंग रात्रभर आणि उशीखाली नको. मोठे माणूस जागे असताना, फरशीवर. लांबच्या प्रवासात फार दिवस वापरायची नसली तर बॅटरी काढून ठेवावी. डबीबरोबर टीव्हीला जोडायची एक तार मिळते, पिवळ्या-पांढऱ्या टोकांची, आणि मोठ्या पडद्यावर खेळता आले तर डोळ्यांच्या दृष्टीने ते केव्हाही बरे. पण नव्या टीव्हींना पुष्कळदा ती भोकेच नसतात. तेव्हा सौदा करण्याआधी घरचा टीव्ही भिंतीपासून जरा ओढून मागून पाहून घ्यावा.